एक्सकेडी ५०१: ल माँ जिंकलेल्या जॅग्वारचं रिस्टोरेशन आणि लिलाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या वडिलांचं पुण्यात नाना पेठेत डेंटिंगचं गॅरेज होतं. लग्नानंतर मी काही वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहिले आणि तिथे जॅग्वारच्या जुन्या रेसिंग गाड्यांचं वेड लागलं ते कायमचं. त्यातल्या एका गाडीबद्दल, म्हणजे एक्सकेडी ५०१ या डी-टाइपबद्दल, मी इतक्यांदा बोलले आहे की लोकांचे प्रश्न आता पाठ झाले आहेत. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी ठेवते आहे.

ही नेमकी कुठली गाडी?

१९५५ सालची जॅग्वार डी-टाइप, चेसिस नंबर एक्सकेडी ५०१. जॅग्वारने खासगी रेसिंग संघांना विकायला ज्या डी-टाइप बांधल्या, त्यांतली ही अगदी पहिली. ती गेली एडिनबरोच्या 'एकुरी एकॉस' या संघाकडे. नाव फ्रेंच, अर्थ 'स्कॉटलंडचा तबेला', आणि गाड्यांचा रंग स्कॉटलंडच्या झेंड्याची आठवण देणारा चकाकता निळा. डेव्हिड मरे यांनी उभा केलेला हा संघ एडिनबरोतल्या मर्चिस्टन म्यूज नावाच्या गल्लीतून चालायचा. बड्या कंपन्यांच्या मानाने दुकान लहानच. अशा संघाच्या या एका गाडीने १९५६ ची फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, लिलावात २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलर मिळवले.

डी-टाइपमध्ये एवढं वेगळं काय होतं?

ती निम्मी विमान होती. तिचा आकार काढला माल्कम सेयर यांनी, आणि ते जॅग्वारमध्ये येण्याआधी ब्रिस्टल विमान कंपनीत होते. त्या काळातल्या बहुतेक रेसिंग गाड्यांना खाली नळ्यांची चौकट आणि वर पत्र्याचं आवरण असे. डी-टाइपचा मधला भाग, जिथे ड्रायव्हर बसतो, तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचा रिव्हेट मारून केलेला एक टब आहे. पत्राच भार पेलतो, वेगळी चौकट लागत नाही. त्या टबच्या पुढे इंजिन आणि पुढची चाकं धरणारी फ्रेम. १९५४ च्या पहिल्या गाड्यांत ही फ्रेम टबला वेल्ड केलेली होती. १९५५ पासून ती पोलादी झाली आणि बोल्टने जोडली जाऊ लागली. हा बोल्ट लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड त्याच्यावरूनच होणार आहे.

इंजिन ३.४ लिटरचं, सहा सिलेंडरचं. तीन वेबर कार्ब्युरेटर. तेलाची टाकी वेगळी ठेवून इंजिनखालचा संप, म्हणजे तेल साठायचा तळ, उथळ केला आणि इंजिनही थोडं तिरकं बसवलं, म्हणजे बॉनेट खाली आलं. चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. ड्रायव्हरच्या डोक्यामागचा तो माशाच्या परासारखा पंख गाडी भर वेगात सरळ राहावी म्हणून आहे.

पहिल्यांदा मी डी-टाइप जवळून पाहिली तेव्हा नजर पंखावर गेलीच नाही, रिव्हेटवर गेली. दरवाज्याच्या खालच्या पट्टीत रिव्हेटची रांग होती आणि ती सरळ नव्हती. एक थोडा वर, पुढचा दोन सूत खाली, मग तीन अगदी आवळून बसलेले. वडिलांच्या गॅरेजमध्ये पत्र्यावर असंच हाताने काम चालायचं. त्या रांगेत मला माणूस दिसला. संध्याकाळ झाली असेल, हात दुखत असेल, आणि तरी त्याने रांग पूर्ण केली. अशा गाडीवर रिस्टोरेशन करणाऱ्याने ही रांग सरळ केली तर काय गमावलं जाईल, हा विचार मला तिथेच सुटला नाही आणि अजूनही सुटलेला नाही.

१९५६ ची ल माँ शर्यत इतकी महत्त्वाची का मानतात?

१९५५ च्या ल माँमध्ये भीषण अपघात झाला होता. एक मर्सिडीज प्रेक्षकांत उडाली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ट्रॅकची मोठी दुरुस्ती झाली, म्हणून १९५६ ची शर्यत जूनऐवजी २८ आणि २९ जुलैला घेतली. नियमही बदलले. गाडीला पूर्ण रुंदीची काच सक्तीची झाली आणि इंधनावर मर्यादा आली.

जॅग्वार कंपनीने आपल्या तीन गाड्या उतरवल्या होत्या, पुढचं नाक लांब केलेल्या नव्या धाटणीच्या. दुसऱ्याच फेरीत ओल्या रस्त्यावर पॉल फ्रेर यांची गाडी घसरली, तिला चुकवताना जॅक फेअरमन यांची फिरली आणि दोन गाड्या तिथेच संपल्या. तिसरी माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांची. तिच्या इंधनाच्या नळीला बारीक चीर गेलेली होती आणि ती सापडेपर्यंत इतक्या फेऱ्या वाया गेल्या की पहिल्या नंबराची आशा उरली नाही.

उरली ती एडिनबरोची निळी गाडी, नंबर ४. आखूड नाकाची, आदल्या वर्षीची, खासगी संघाची. रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन आळीपाळीने चालवत होते, दोघेही स्कॉटिश. समोर होते स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स, ॲस्टन मार्टिन घेऊन. चोवीस तास झुंज चालली. ३०० फेऱ्या, म्हणजे ४,०३४ किलोमीटरहून जास्त अंतर कापून एक्सकेडी ५०१ पहिली आली आणि ॲस्टन एका फेरीने मागे राहिली. सुरुवात केलेल्या ४९ गाड्यांपैकी १४ शेवटपर्यंत टिकल्या. पुढच्या वर्षी याच संघाने पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर मिळवले, पण त्या गाड्या वेगळ्या.

शर्यतीनंतर गाडीचं काय झालं?

तिची गोष्ट इथे आश्चर्यकारकरीत्या साधी आहे, आणि तिच्या किमतीचं अर्धं कारण या साधेपणात आहे. संघाने ती वापरणं थांबवल्यावर ती संघालाच पैसा पुरवणाऱ्या गृहस्थांकडे गेली. १९७० मध्ये स्कॉटलंडमधल्याच एका दर्दी माणसाने ती घेतली आणि जवळजवळ तीन दशकं सांभाळली. १९९९ मध्ये ती अमेरिकेत एका संग्राहकाकडे गेली. तिथून थेट २०१६ चा लिलाव. साठ वर्षांत मालक बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येकाकडून पुढच्याकडे कागद गेले आणि गाडी कधी कुठे होती याबद्दल एक वर्षही अंधारात नाही.

जुन्या रेसिंग गाड्यांचं एरवी असं होत नाही. शर्यत संपली की ती गाडी म्हणजे वापरलेलं हत्यार. कोणी इंजिन काढून दुसऱ्या गाडीत टाकतं, कोणी नाक कापतं, कोणी रस्त्यावर चालवायला तिला आसनं आणि टप बसवतं. पन्नाशी-साठीच्या दशकात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पण या गाडीला अपघात झाले होते ना? मग ती 'मूळ' कशी?

झाले होते. १९५५ च्या मे महिन्यात, संघाकडे आल्या आल्या, जिमी स्टुअर्ट यांच्या हातून ती दोनदा आपटली, आधी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला आणि मग जर्मनीत न्यूरबर्गरिंगला. (जिमी म्हणजे पुढे तीनदा जगज्जेता झालेल्या जॅकी स्टुअर्टचे थोरले भाऊ. या अपघातांनंतर जिमींनी शर्यती सोडल्या.) त्या नुकसानीमुळे संघ त्या वर्षी ल माँला जाऊच शकला नाही. दुरुस्ती झाल्यावर डेस्मंड टिटरिंग्टन यांनी ती चालवायला घेतली, आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवरच्या नऊ तासांच्या शर्यतीत ते आणि सँडरसन दुसरे आले.

माझं मत असं: गाडी कामावर असताना, तिला पुन्हा शर्यतीत उतरवण्यासाठी, त्या काळच्या लोकांनी जी दुरुस्ती केली ती गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे. माणसाच्या कपाळावरची टाक्यांची खूण आपण 'मूळ कपाळ नाही' म्हणून मोजत नाही. चाळीस वर्षांनी दिवाणखान्यात शोभावी म्हणून केलेली अदलाबदल ही वेगळी गोष्ट, आणि बाजारही या दोन्हींत फरक करतो.

रिस्टोरेशन म्हणजे गाडी नव्यासारखी करणं, हो ना?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मूर्तीची झीज दिसू लागली तेव्हा वज्रलेप केला. मूर्ती तीच राहिली, झीज थांबवली. त्याऐवजी कोणी म्हणालं असतं की झिजलेली मूर्ती काढा, हुबेहूब नवी घडवा, तर एकाही वारकऱ्याने ते ऐकून घेतलं नसतं. रिस्टोरेशनचे दोन रस्ते तेच आहेत. एकात आहे ते टिकवायचं, दुसऱ्यात आहे ते काढून बरोब्बर तसंच नवं बसवायचं. दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द वापरतात म्हणून घोळ होतो.

एक्सकेडी ५०१ वर पहिल्या प्रकारचं काम झालं. १९७० नंतरच्या मालकांनी ती १९५६ मध्ये ल माँला होती त्या रूपात आणली, काळाला धरून असलेले भाग वापरले, पण टब, फ्रेम, बॉडी आणि इंजिन यांची अदलाबदल केली नाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठळक दावा हाच होता: ल माँ जिंकलेल्या सी-टाइप (डी-टाइपच्या आधीची रेसिंग गाडी) आणि डी-टाइप जॅग्वारपैकी मुळात होती तशी टिकलेली ही एकच. जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा ती शर्यत या दोन जातींच्या गाड्यांवर जिंकली, म्हणजे पाच विजेत्यांतली ही एक.

आता प्रत्यक्ष कामात काय येतं ते सांगते. पोलादी फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा टब जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल धरली की ॲल्युमिनियम खायला लागतं. वरून रंग छान दिसतो आणि आत पांढरी भुकटी साठलेली असते. रिव्हेटभोवतीच्या भोकांना बारीक चिरा पडतात. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे तो पूर्ण पत्रा काढून नवा बसवणं. अवघड उपाय म्हणजे खराब झालेला तेवढाच तुकडा कापणं, त्याच जाडीचा आणि त्याच जातीचा तुकडा जोडणं आणि आजूबाजूचा जुना पत्रा परत वापरणं.

जुनं ॲल्युमिनियम ठोकायला घेतलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. म्हणून आधी ते मऊ करावं लागतं. वडील त्यासाठी पत्र्यावर कपड्याचा साबण घासायचे आणि गॅसची ज्योत लांबून फिरवायचे. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. एक क्षण जास्त गेला तर पत्रा डोळ्यांदेखत खाली ओघळतो, कारण ॲल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही, इशाराच देत नाही. इंग्लंडमधले जुने पत्राकारागीरही हीच साबणाची युक्ती वापरतात हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

दुसरं, पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सगळं गुळगुळीत करण्याचा मोह. डी-टाइप कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा आरशासारखी नव्हती. तिला चोवीस तास धावायचं होतं. आजच्या प्रदर्शनांत दिसणाऱ्या काही डी-टाइपवर जो काचेसारखा रंग असतो तो १९५५ मध्ये कोणीच पाहिला नव्हता. दिसतो देखणा, पण खालचा हातोडीचा घाव पुसून टाकतो.

'मॅचिंग नंबर्स' म्हणजे काय?

कारखान्यातून निघताना चेसिसवर, इंजिनवर, गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर जे नंबर होते तेच आजही त्या गाडीवर आहेत, आणि कारखान्याच्या नोंदवहीशी जुळतात. जॅग्वारच्या इंजिनात ब्लॉकवरचा नंबर सिलेंडर हेडवरही कोरलेला असतो. शेवटी ७, ८ किंवा ९ असा एक आकडा असतो आणि तो कॉम्प्रेशन सांगतो, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. ९ म्हणजे ९ ला १.

आपल्याकडे ज्याने जुनी गाडी नावावर करून घेतली आहे त्याला हे समजावायला नको. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतोच. नंबरावर कागद धरायचा, शिसपेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. कोट्यवधी डॉलरच्या लिलावाआधी तज्ज्ञ येऊन जे करतो ते मुळात हेच आहे, फक्त त्याच्याकडे भिंग असतं आणि त्या काळच्या ठशांचे फोटो असतात. कारखान्याचा '५' कसा वळायचा, ठसे हाताने मारल्यामुळे कुठला आकडा कलायचा, हे तो पाहतो. नंतर मारलेला नंबर फार नीट असतो, तिथेच पकडला जातो.

यावर एक घरची आठवण. वडिलांकडे एकदा स्टँडर्ड हेरल्ड आली होती, मद्रासला बनलेली, मूळ वाण ब्रिटिशच. आधीच्या एका गॅरेजने नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरवून वर जाड रंग मारला होता. मालकाचे कागद अगदी सरळ होते, पण प्रिंट उमटेना, म्हणून गाडी नावावर होईना. वडिलांनी दोन दिवस रंग काढायचं रसायन लावून, चिंधीने पुसून, तो भाग उघडा केला. मी कंदिलासारखा बल्ब धरून उभी होते. पेन्सिल घासल्यावर आधी कागद नुसता काळा झाला, मग त्यात फिकट रेघा आल्या, आणि शेवटी आकडे वाचता आले. दोन आकडे मात्र गेलेच होते. त्या दोन आकड्यांसाठी त्या माणसाला पुढे किती महिने खेटे घालावे लागले ते मी पाहिलं आहे. ग्राइंडर मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला फक्त ती जागा 'साफ' करायची होती.

एकाच डी-टाइपच्या दोन गाड्या होतात म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि कारण तो बोल्ट. फ्रेम टबपासून सुटी होते. कारखान्याने ही सोय दुरुस्तीसाठी केली होती. पण समजा अपघातात टब चेपला, मालकाने नवा टब घेऊन जुनी फ्रेम त्याला लावली. चेपलेला टब कोणीतरी कोपऱ्यात ठेवला. तीस वर्षांनी गाड्यांना सोन्याचे भाव आले, कोपऱ्यातला टब कोणी सरळ केला आणि त्याला नवी फ्रेम लावली. आता दोन गाड्या उभ्या आहेत आणि दोघीही एकच नाव सांगतात. एकीकडे कोरलेला नंबर आहे, दुसरीकडे ज्या पत्र्यात ड्रायव्हर बसला होता तो पत्रा आहे. काही वेळा एकाच मालकाने दोन्ही विकत घेऊन भाग परत एकत्र केले, आणि मला विचाराल तर तोच न्यायाचा मार्ग.

कोर्टाचा याबाबतचा गाजलेला निकाल दुसऱ्या एका ब्रिटिश गाडीचा आहे. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ल माँ जिंकली. पुढे तिचे भाग इतक्या वेळा बदलले गेले की मूळचं फारच थोडं उरलं. १ कोटी पौंडांचा सौदा ठरला, मग विकत घेणाऱ्याने 'ही ती गाडीच नव्हे' असं म्हटलं. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी कधी मोडीत निघाली नाही, बदल होत गेले तरी तिचं अस्तित्व सलग राहिलं आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीच नाही, असा त्याचा आशय. कायद्याने सलगपणाला मान दिला. बाजार सलगपणाला आणि पत्र्याला, दोन्हींना पैसे मोजतो, आणि एक्सकेडी ५०१ कडे दोन्ही होतं.

लिलाव कधी आणि कसा झाला?

१९ ऑगस्ट २०१६, कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या मोटारींचा मोठा आठवडा असतो. आरएम सदबीज या लिलावगृहाने ती मांडली. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, १ कोटी ९८ लाख डॉलरला. त्यावर विकत घेणाऱ्याने लिलावगृहाला द्यायचं १० टक्के कमिशन, म्हणून एकूण २ कोटी १७ लाख ८० हजार. त्या वेळच्या दराने साधारण १४५ कोटी रुपये. लिलावात विकल्या गेलेल्या ब्रिटिश गाडीसाठी तोवरची सगळ्यांत मोठी रक्कम.

बातम्यांत कधी हातोड्याचा आकडा देतात, कधी कमिशनसकट. दोन लिलावांची तुलना करताना आधी हे तपासा.

त्याच लिलावात पहिली शेल्बी कोब्राही होती, चेसिस आणि बॉडी इंग्लंडच्या एसी कंपनीची, इंजिन अमेरिकन. जुना रंग, फाटकी आसनं, काहीही 'सुधारलेलं' नाही. तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

बाकीच्या डी-टाइप त्या मानाने स्वस्त का जातात?

कारण त्यांतल्या बहुतेक ल माँ जिंकलेल्या नाहीत, आणि त्यांचं आयुष्य इतकं सरळ नाही. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनला बॉनहॅम्स या लिलावगृहाने एकुरी एकॉसच्या रंगातल्या गाड्यांचा एक संग्रह विकला. त्यातली डी-टाइप सुमारे २६ लाख पौंडांना गेली. त्याच दिवशी संघाचा गाड्या वाहून नेणारा कॉमर ट्रक १८ लाख पौंडांच्या आसपास गेला. ट्रक! फॉलकर्कला बांधलेला, उतरत्या पाठीचा तो निळा ट्रक इतका देखणा आहे की मला त्या किमतीचं नवल वाटलं नाही.

ब्रिटिश गाडीच्या किमतीचा तो विक्रम टिकला का?

एक वर्ष. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच मॉन्टेरेत ॲस्टन मार्टिन डीबीआर१ ची पहिली गाडी २ कोटी २५ लाख ५० हजार डॉलरला गेली. १९५९ मध्ये न्यूरबर्गरिंगची हजार किलोमीटरची शर्यत मॉस आणि फेअरमन यांनी तिच्यावर जिंकली होती.

मग मोडकी गाडी तशीच विकावी का?

सरसकट नाही. तीन गाड्यांकडे पाहा.

ऑस्टिन-हीली १०० एस, नोंदणी एनओजे ३९३. १९५५ च्या त्या भीषण अपघातातली लान्स मॅकलिन यांची गाडी. चाळीस वर्षांहून जास्त काळ एकाच मालकाकडे पडून होती. डिसेंबर २०११ मध्ये धूळ आणि गंजासकट ती ८ लाख ४३ हजार पौंडांना विकली गेली. तिला आधी चकाचक केलं असतं तर ती इतकी गेली नसती असं मला ठामपणे वाटतं, कारण घेणाऱ्याला काहीच लपवलेलं नको होतं.

ॲस्टन मार्टिन डीबी४ जीटी झगाटो, '२ व्हीईव्ही'. १९६२ मध्ये गुडवुडला जिम क्लार्क यांच्या हातून आपटली, १९९३ मध्ये पुन्हा जबर अपघात झाला, पूर्ण पुन्हा उभी केली. तरी २०१८ मध्ये गुडवुडच्या लिलावात १ कोटी पौंडांवर गेली. इतिहास सलग असला आणि काय बदललं ते उघड सांगितलं, तर अपघात आड येत नाहीत.

तिसरी जॅग्वारची लाइटवेट ई-टाइप, म्हणजे ई-टाइपची हलकी रेसिंग आवृत्ती, पीटर लिंडनर या ड्रायव्हरची. १९६४ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर अपघात झाला आणि लिंडनर गेले. गाडीचा चोळामोळा झाला होता. नंतर तिला नवी बॉडी लावली गेली, पण मोडकी बॉडी टाकून दिली नव्हती. पुढे ब्रिजनॉर्थच्या क्लासिक मोटर कार्स या कार्यशाळेने ती चुरगळलेली ॲल्युमिनियमची मूळ बॉडीच उलगडून, सरळ करून परत वापरली. एकूण सात हजारांहून जास्त तास लागले. नवी बॉडी त्याच्या कितीतरी कमी वेळात झाली असती. माझ्या मते हे रिस्टोरेशनमधलं सर्वोत्तम काम आहे.

जॅग्वारने नंतर नव्या डी-टाइप बनवायला घेतल्या, त्या खऱ्या की खोट्या?

२००८ पासून जॅग्वार मुंबईच्या टाटांकडे आहे. त्यानंतरच्या काळात कॉव्हेंट्रीजवळच्या कारखान्याने जुन्या आराखड्यांवरून काही गाड्या पुन्हा बांधल्या. २०१४ पासून सहा लाइटवेट ई-टाइप, कारण ठरलेल्या १८ पैकी १२ च झाल्या होत्या. मग नऊ एक्सकेएसएस, म्हणजे डी-टाइपचीच रस्त्यावर चालवण्याजोगी आवृत्ती. १२ फेब्रुवारी १९५७ च्या आगीत जॅग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात नऊ एक्सकेएसएस जळाल्या होत्या, त्यांच्या जागी या नऊ. २०१८ मध्ये २५ डी-टाइप जाहीर केल्या, कारण शंभर बांधायच्या होत्या आणि ७५ झाल्या होत्या.

काम उत्कृष्ट आहे आणि त्या स्वतःला जुन्या म्हणवत नाहीत, म्हणून खोट्या मुळीच नाहीत. शिवाय जुना पत्रा कसा जोडायचा ही विद्या त्यामुळे नव्या मुलामुलींच्या हातात आली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण एक्सकेडी ५०१ च्या पंक्तीला त्या बसत नाहीत. त्यांनी पाऊस आणि ती रात्र पाहिलेली नाही.

भारतात जुन्या गाडीला असा काही नियम आहे का?

आहे, आणि त्यातली व्याख्या मला आवडते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार. रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी ती वापरता येत नाही. तेव्हा आजोबांची गाडी काढून डेंटरकडे देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंबराचा प्रिंट घेऊन ठेवा, आणि बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून तारखेसह जपून ठेवा.

डी-टाइप जवळून कुठे पाहता येईल?

इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जॅग्वारचा वारसा-संग्रह आहे, कॉव्हेंट्रीहून गाडीने अर्ध्या तासावर. सप्टेंबरमध्ये गुडवुड रिव्हायव्हलला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या मेळ्याला, गेलात तर डी-टाइप धावतानाही दिसण्याची शक्यता असते, आणि ते सहा सिलेंडरचं इंजिन चढताना ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे. लॉस एंजेलिसच्या पीटरसन म्युझियममध्ये हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याची एक्सकेएसएस आहे. कुठेही गेलात तरी दोरीच्या अलीकडे खाली वाका, दरवाज्याखालची पट्टी पाहा आणि रिव्हेट मोजत जा.